मार खाणाऱ्याची अदा: कुंग-फू सिनेमातून ब्रॉलर गेममधला शत्रू कसा घडतो

मारामारीच्या सिनेमात सर्वांत कठीण काम मार खाणाऱ्याचं असतं. येणारा ठोसा दिसलाच नाही असं भासवायचं, तो लागतो न लागतो तोच नेमक्या दिशेला उडायचं, पडता पडता टेबल मोडायचं आणि स्वतःची मान मात्र मोडू द्यायची नाही. एवढं करून नाव होतं हीरोचं. पण हीरोच्या हातात किती जोर आहे, हे प्रेक्षकाला त्याच्या दंडावरून कळत नाही. समोरचा कसा कोलमडला, त्यावरून कळतं.

ब्रॉलर गेममधल्या शत्रूची नोकरी नेमकी हीच. ब्रॉलर, किंवा जुन्या नावाने बीट-एम-अप, म्हणजे ज्यात एखाददुसरा नायक हातापायांनी, फार तर सापडेल ती काठी किंवा पाइप उचलून, गुंडांच्या टोळ्या बडवत पुढे सरकतो तो प्रकार. एकास एक झुंजीच्या फायटिंग गेममध्ये दोघे तुल्यबळ असतात, कुणीही जिंकू शकतं. ब्रॉलरमधला साधा गुंड जिंकायला आलेलाच नसतो. एका लेव्हलमध्ये असे चाळीस-पन्नास जण यायचे आणि आडवे व्हायचे. त्यामुळे तो कागदावर उतरवताना त्याची ताकद, त्याचं हत्यार, त्याची दाढी हे सगळं नंतर. आधी ठरवायचं की हा हरणार कसा.

स्टंटमनची एक सोय मात्र गेममधल्या शत्रूला मिळत नाही. सिनेमात तालीम झालेली असते. हीरोचा डावा पाय कधी येणार हे पडणाऱ्याला ठाऊक असतं. गेममध्ये हीरो खेळाडूच्या हातात, आणि खेळाडूचा काही नेम नाही. तो उडी मारेल, पळ काढेल, कोपऱ्यात पाठ टेकवून एकच बटण बडवत बसेल. अशा बेभरवशाच्या हीरोसमोर, तालमीशिवाय, दर वेळी देखणं हरून दाखवायचं, हा या कामातला सगळा पेच.

पॅगोड्याचे मजले

ब्रूस लीने 1972 मध्ये 'गेम ऑफ डेथ'चं चित्रीकरण सुरू केलं, तेव्हा कल्पना सरळ होती. पाच मजली पॅगोडा, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या युद्धकलेचा उस्ताद, आणि एकेकाला हरवत वर चढायचं. वरच्या तीन मजल्यांवरच्या लढती चित्रित झाल्या, मग 'एंटर द ड्रॅगन'साठी काम थांबलं, आणि 20 जुलै 1973 ला ली वारला. राहिलेला सिनेमा 1978 मध्ये जोडतोड करून पडद्यावर आला. सिनेमा म्हणून तो विस्कळीतच आहे. पण त्या तीन लढती शत्रू घडवणाऱ्याने थांबवून थांबवून बघाव्यात अशा आहेत.

पहिल्या लढतीत डॅन इनोसँटो दोन काठ्या घेऊन उभा आहे. फिलिपिनो एस्क्रिमा, वार सफाईदार आणि ठरलेल्या तालात. लीच्या हातात बांबूची बारीक, लवचिक छडी. तो त्या तालात सापडतच नाही, मध्येच फटकारतो. दुसऱ्या लढतीत जी हान-जे, हापकिडोवाला. हा पकडतो आणि फेकतो. तिसरा करीम अब्दुल-जब्बार, मूळचा बास्केटबॉलपटू, उंची 7 फूट 2 इंच. लीचा ठोसा त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्याचा पाय लीच्या छातीवर असतो. या माणसाच्या डोळ्यांवर गॉगल आहे. झुंजता झुंजता लीच्या ध्यानात येतं की त्याला उजेड सहन होत नाही, आणि मग तो खिडक्या फोडायला लागतो.

गेमच्या नजरेने पाहिलं तर इथे तीन प्रश्न विचारले गेलेत. समोरच्याचा ताल तुला तोडता येतो का? जो जवळ आलास की आपटतो, त्याच्याशी अंतर राखून लढता येतं का? आणि अंगातलं बळ पुरत नसेल, तर तू आजूबाजूला बघतोस का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लढत सुरू होण्याआधीपासून नाकावर ठेवलेलं आहे, फक्त कुणी ते बोलून दाखवलेलं नाही. बॉसची, म्हणजे लेव्हलच्या शेवटी उभ्या असलेल्या मोठ्या शत्रूची, कमजोरी अशीच दाखवायची असते. पडद्यावर मजकूर झळकवून 'खिडक्या फोडा' असं सांगितलं की खेळाडूच्या तोंडचा घास काढून घेतलाच म्हणून समजा.

ही मनोऱ्याची कल्पना गेममध्ये फार लवकर उतरली. जपानच्या आयरेम कंपनीचा 'कुंग-फू मास्टर' 1984 मध्ये आर्केडमध्ये आला, डिझायनर ताकाशी निशियामा. जपानमध्ये त्याचं नाव 'स्पार्टन एक्स', कारण जॅकी चॅनचा 'व्हील्स ऑन मील्स' तिथे त्याच नावाने प्रदर्शित झाला होता. गेमच्या नायक-नायिकेची थॉमस आणि सिल्विया ही नावं त्या सिनेमातली. सांगाडा मात्र पाच मजल्यांचा: काठीवाला, बूमरँगवाला, धिप्पाड पैलवान, जादूगार आणि सर्वांत वर मिस्टर एक्स.

बॉसपेक्षा मला त्या गेमचा पहिला मजला जास्त शिकवणारा वाटतो. तिथे मुख्यतः दोनच जातीचे लोक आहेत. पहिले दोन्ही हात पुढे करून धावत येतात. एका फटक्यात पडतात, पण पोचलेच तर मिठी मारतात, आणि त्या मिठीत हेल्थबार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, सरसर उतरतो. सुटायचं तर जॉयस्टिक डावी-उजवी खडाखडा हलवायची. दुसरा सुरीवाला. हा अंतर ठेवून उभा राहतो, दोन फटके खातो, आणि कधी डोक्याच्या तर कधी पायांच्या उंचीवर सुरी फेकतो. एकीला वाकायचं, दुसरीला उडी. एकेकटे घेतले तर दोघेही किरकोळ. पण सुरीवाल्याकडे निघालात आणि मागून मिठी पडली, की वाकताही येत नाही आणि उडीही मारता येत नाही. सुरी सरळ अंगावर. दोन बावळट गुंडांच्या बेरजेतून एक चांगली अडचण तयार झाली, तीही तेव्हाच्या तुटपुंज्या मेमरीत.

म्हणून शत्रू एकेकटा घडवू नये. एक खेळाडूला जागेवर खिळवतो, दुसरा लांबून त्रास देतो. एक सावकाश भिंतीसारखा पुढे येतो, दुसरा त्याच्या आडून सुटतो. नवा शत्रू सुचला की आधीच्या प्रत्येकाशी त्याची जोडी लावून बघायची. ज्याच्यामुळे एकही जोडी बदलत नाही, तो कितीही देखणा असला तरी फुकटचा भार आहे.

पुढचा इतिहास झटपट सांगता येईल. टेक्नोस या जपानी कंपनीत योशिहिसा किशिमोतो यांनी 1986 मध्ये शाळकरी दंगेखोर कुनिओचा गेम केला आणि 1987 मध्ये 'डबल ड्रॅगन'. किशिमोतो 'एंटर द ड्रॅगन'चे भक्त, आणि ते दिसतंही. या दोन्ही गेममध्ये आडव्या रेषेखेरीज पडद्याच्या आत-बाहेर, म्हणजे खोलीच्या दिशेनेही चालता येऊ लागलं आणि शत्रूला पहिल्यांदा बाजूने वळसा घालून पाठीमागे येण्याची मुभा मिळाली. 1989 च्या कॅपकॉमच्या 'फायनल फाइट'ने गुंडांना नावं दिली, मारताना त्यांच्या हेल्थबारशेजारी ती झळकायची. त्यातला अँडोर हा आंद्रे द जायंट या कुस्तीगीरावरून बेतलेला. त्याच अंगाला वेगळे रंग फासून त्याचे काका, बाबा आणि आजोबाही गेममध्ये उतरवले. मेमरी वाचवण्याची क्लृप्ती होती ती, पण एवढं खानदान बघून हसू आल्याशिवाय राहत नाही.

पवित्रा आधी, वार नंतर

हाँगकाँगच्या मारधाडपटांची लय चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी नेमकी पकडली आहे: थांबा, धडाका, थांबा. दोघे क्षणभर पवित्र्यात गोठतात, मग चार-सहा वारांची झोड उठते, पुन्हा क्षणभर सगळं स्थिर. त्या थांब्यांमुळे मधला गोंधळ डोळ्यांना वाचता येतो.

गेममधला प्रत्येक वारही तीन तुकड्यांचा असतो. आधी तयारी, मग प्रत्यक्ष घाव लागू शकतो तो क्षण, आणि शेवटी सावरणं. इंग्रजीत त्यांना स्टार्टअप, ॲक्टिव्ह आणि रिकव्हरी म्हणतात, आणि ते फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेम. त्यात स्क्रीन आणि कंट्रोलरची दिरंगाई मिळवा. आता एखाद्या गुंडाचा ठोसा 8 फ्रेममध्ये लागत असेल, तर तो बघून चुकवणं माणसाच्या आवाक्यातच नाही. खेळाडूला गेम अवघड वाटत नाही, लबाड वाटतो.

साध्या गुंडाला 25 ते 35 फ्रेमची तयारी द्यावी, धिप्पाडाला 45-50, असं माझं मत. वार संपल्यावर तो निदान अर्धा सेकंद उघडा पडला पाहिजे. यात मोजमापापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तयारी डोळ्यात भरली पाहिजे. स्टंटमन खांदा खूप मागे नेतो, पाय उचलण्याआधी कंबर वळवतो, खऱ्या मारामारीत कुणी करणार नाही इतकं सगळं वाढवून करतो. ॲनिमेटरनेही तेच करावं. एक साधी परीक्षा आहे. पात्राचे सगळे रंग काढून अंगभर काळा भरा आणि तयारीची एकच फ्रेम दाखवा. हा ठोसा मारणार, लाथ की पकडणार, हे त्या काळ्या आकृतीवरून सांगता आलं पाहिजे. काहींनी डोक्यावर खूणच ठेवली. 2009 च्या 'बॅटमॅन: आर्कम असायलम'मध्ये गुंड वार करण्याआधी त्याच्या डोक्याभोवती रेषा चमकतात. दहा-बारा जणांच्या गर्दीत ती खूण उपयोगी पडते, पण तिची सवय लागली की डोळे अंगाकडे बघायचंच सोडतात, आणि मग कष्टाने केलेला पवित्रा वाया जातो.

वेगवेगळ्या युद्धकला इथे कामाला येतात. पोशाख आणि आरोळ्यांसाठी त्यांचा वापर सगळेच करतात, पण प्रत्येक कलेत अंतर, उंची आणि ताल यांचा स्वतःचा हिशेब असतो. तायक्वांदोवाला लांबून आणि उंचावर लाथ घालतो, म्हणून त्याच्या आत शिरणं हे उत्तर. मुए थाईवाला उलट आत शिरलेल्यालाच धरून गुडघा आणि कोपर चालवतो. विंग चुनवाला अगदी जवळून छोट्या ठोशांची सरबत्ती करतो, त्याला दूर ढकलला की तो निम्मा झाला. इंडोनेशियाच्या पेंचाक सिलाटमध्ये माणूस पार जमिनीलगत बसून तंगड्या तोडतो. एकाच खोलीत तायक्वांदोवाला आणि मुए थाईवाला ठेवा. पहिल्यासाठी जवळ जावं लागतं, दुसऱ्यासाठी लांब राहावं लागतं. खेळाडूचे पाय आपोआप विचार करायला लागतात.

शॉ ब्रदर्सच्या आणि दिग्दर्शक चांग चे यांच्या 1978 च्या 'फाइव्ह डेडली व्हेनम्स'मध्ये हे प्राण्यांच्या रूपात मांडलंय. गोमीचे हात इतके झपाट्याने चालतात की ते अनेक भासतात, सापाचा एक हात तोंड आणि दुसरा शेपटी, विंचू लाथेने नांगी मारतो, सरडा भिंतीवर चढतो, बेडकाच्या अंगावर हत्यार चालत नाही. नाव ऐकताच अंगाची हालचाल डोळ्यांसमोर यावी, इतकी ती पात्रं सोपी आहेत. बेडूक तर गेमवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. फटका खाऊनही ज्याची चाल तुटत नाही, त्या गुणाला सुपर आर्मर म्हणतात. हा गुण द्यायचा असेल तर आवाज आणि ठिणगी वेगळी हवी, म्हणजे पहिल्याच ठोशाला कळेल की इथे डोकं फोडण्यात अर्थ नाही, दुखरी जागा शोधावी लागेल.

झिंगलेला गुंड, जवळून

एक पात्र पूर्ण उघडून बघू. जॅकी चॅनच्या 1978 च्या 'ड्रंकन मास्टर'पासून झिंगलेल्या चालीची लढत जगभर लोकप्रिय झाली. असा गुंड आपल्या गेममध्ये हवा, असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. आणि लगेच अडचण येते. झिंगलेल्याची सगळी मजा त्याचा अंदाज न येण्यात, आणि ब्रॉलरमधल्या शत्रूचा तर अंदाज यायला हवा.

तोड अशी काढता येते: वार कधी येणार हे कळू द्यायचं नाही, कुठून येणार हे मात्र कळू द्यायचं. हा माणूस उभ्या उभ्या डोलतो. एक झोका डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येक झोका बरोबर 40 फ्रेमचा. वार नेहमी झोक्याच्या टोकाला सुटतो आणि ज्या बाजूला अंग झुकलं आहे त्याच बाजूने. किती झोक्यांनंतर सुटेल, हे मात्र यंत्र ठरवतं, दोन ते चार यांपैकी काहीही. इथे झोक्याची लांबीच कमी-जास्त करण्याचा मोह होतो. तो टाळावा. लांबी बदलली की ताल जातो, आणि ताल गेला की खेळाडूला धरायला काही उरत नाही. ताल पक्का आणि आकडा अनिश्चित असला की खेळाडू मनातल्या मनात मोजायला लागतो आणि तरी जरा धास्तावलेला राहतो.

दुसरा डाव कोसळण्याचा. गुडघे लुळे पडतात, 20 फ्रेममध्ये तो जमिनीवर येतो आणि खेळाडूचे छातीच्या उंचीवरचे ठोसे त्याच्यावरून जातात. खालून त्याची तंगडी फिरते. उडी मारा किंवा खालची लाथ घाला. गुडघे लुळे पडण्याच्या या 20 फ्रेम इतर डोलण्यापेक्षा स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर तो नुसताच धडपडला असं वाटतं. मान टाकून द्यायची, दोन्ही हात सैल सोडायचे.

तिसरा डाव सुरईचा. तो दोन पावलं मागे सरतो आणि मान वर करून पितो, चांगल्या 70 फ्रेम. एवढा वेळ तो पूर्ण उघडा. पिऊन झालं, तर पुढचे तीन फटके त्याला जाणवत नाहीत. आता खेळाडूला निवड करावी लागते. समोरच्या दोघांना सोडून याच्याकडे धावायचं, की याला पिऊ द्यायचं? ही निवड तयार झाली की पात्र जमलं.

आणि मार खाताना? त्याला ठोसा लागला की तो सरळ मागे उडत नाही. तिरका भेलकांडत जातो, वाटेत जो साथीदार असेल त्याच्या गळ्यात पडतो आणि दोघे आडवे होतात. हुशार खेळाडू लवकरच त्याला मुद्दाम गर्दीच्या दिशेने मारायला लागतो. म्हणजे हा शत्रू खेळाडूचं हत्यारही झाला. सिनेमातल्या झिंगलेल्या लढतींचा विनोद याच धडपडीतून येतो, वेगळे विनोदी संवाद लिहावे लागत नाहीत.

घोळका आणि रांग

दहा जण हीरोला घेरतात आणि शहाण्यासारखे एकेक करून पुढे येतात, यावर आपण सगळेच हसलो आहोत. गेमवाल्यांना ही व्यवस्था मुद्दाम बांधावी लागते. त्यांच्या बोलीत तिला कुंग-फू सर्कल असंच नाव पडलं आहे. दहा जणांनी खरोखर एकदम हल्ला केला, तर खेळाडू तीन सेकंदांत संपेल आणि त्याला काही करून बघायची संधीच मिळणार नाही.

सर्वांत सोपी पद्धत टोकनची. खोलीत समजा दोन टोकन आहेत. वार करायचा तर आधी टोकन घ्यायचं, वार संपला की परत ठेवायचं. ज्याच्याकडे टोकन नाही तो फिरेल, धमकावेल, पण हात उचलणार नाही. 2012 च्या 'किंग्डम्स ऑफ अमलूर: रेकनिंग'मध्ये याची पुढची पायरी होती. तिथे प्रत्येक शत्रूला वजन दिलं होतं आणि प्रत्येक वारालाही. खेळाडूभोवती एका वेळी किती वजनाचे शत्रू आणि किती वजनाचे वार चालतील, याची मर्यादा ठरलेली. समजा वारांची मर्यादा 10 आहे. ठोशाचं वजन 3 आणि धिप्पाडाच्या मुसंडीचं 8 धरलं, तर तीन ठोसे एकत्र चालतील, पण मुसंडी निघाली की बाकीचे ठोसेवाले थांबतील. गंमत म्हणजे हेच सिनेमातही दिसतं. मोठा गडी पुढे आला की किरकोळ मंडळी बाजूला होतात. गेम अवघड करायचा तर ही मर्यादा 10 वरून 13 करावी. हेल्थबार दुप्पट करणं हा आळशीपणा आहे. त्याने लढत फक्त लांबते, आणि पंचवीस गुद्दे खाऊन उभा राहणारा टपोरी कुठल्याच सिनेमात शोभत नाही.

टोकन नसलेले काय करतात, ही जागा बहुतेक गेममध्ये कच्ची राहते. जुन्या सिनेमांत मागचे एक्स्ट्रा मुठी आवळून जागच्या जागी नाचत असतात आणि एकदा ते दिसले की दुसरं काही दिसत नाही. त्यांना काम द्या. एकाला खुर्ची उचलू द्या, एकाला पडलेल्या साथीदाराला हात देऊ द्या, एकाने वळसा घालून मागे जावं, एकाने दार अडवावं. वार न करताही ते धोक्याचे वाटतात, आणि त्यांच्या थांबण्याला कारण मिळतं. जो कॅमेऱ्याच्या बाहेर आहे त्याला टोकन द्यायचंच नाही, हा नियम तर डोळे मिटून पाळावा. न दिसलेल्या माणसाचा फटका खाणं कुणालाच आवडत नाही.

पडण्याची कमाई

आता परत मार खाण्याकडे. हाँगकाँगच्या सेटवर नटांच्या कपड्यांवर पावडर टाकून ठेवत. लाथ बसली की ढग उडे आणि फटका डोळ्यांना दिसे. जॅकी चॅनच्या सिनेमांत आणखी एक खुबी सापडते. फटका एका कोनातून दाखवायचा आणि दुसऱ्या कोनातला शॉट काही फ्रेम मागून सुरू करायचा, म्हणजे आघाताचा तोच क्षण प्रेक्षकाला जवळजवळ दोनदा मिळतो. गेममध्ये त्याचं भावंड म्हणजे हिटस्टॉप. ठोसा लागताच मारणारा आणि खाणारा दोघेही तीन-चार फ्रेम गोठतात, जोरदार फटक्याला आठ-दहा. थांब्याचा हा अंश काढून बघा, सगळ्या मारामारीचा दम जातो आणि पात्रं हवेत हात फिरवत असल्यासारखी वाटतात.

वेळ कमी असेल तर शत्रूचे दोन हल्ले कमी करा, पण मार खाण्याची ॲनिमेशन कापू नका. पोटाला लागलं तर वाकणं, जबड्याला लागलं तर गिरकी, भिंतीला आदळून घसरणं, पाठीवर पडणं, कुशीवर वळून उठणं. जड माणूस पहिल्या दोन फटक्यांना फक्त मान हलवतो, तिसऱ्याला एक पाऊल मागे, पाचव्याला गुडघा टेकतो. त्याच्या हेल्थबारकडे न बघताही खेळाडूला कळतं की आता थोडंच उरलं. आणि उठणं हा संदेश असतो. हात टेकून, धापा टाकत उठणारा संपत आला आहे. पाठीवरून झेप घेऊन ताडकन उभा राहणारा आता चिडला आहे.

2022 च्या 'सिफू'ने यातून एक छान चकवा काढला. स्लोक्लॅप या फ्रेंच स्टुडिओचा हा गेम पाक मेई या चिनी कलेवर बेतलेला. त्यात एखादा साधा गुंड शेवटचा डाव लागण्याच्या ऐन क्षणी तो हाणून पाडतो आणि नव्या जोमाने, जास्त कठीण होऊन लढायला लागतो. सिनेमात गर्दीतला एखादा अनोळखी चेहरा अचानक भारी पडतो ना, तसं. हे क्वचितच घडतं म्हणून चालतं. प्रत्येक जण असं करू लागला तर खेळाडूचा त्या अखेरच्या डावावरचा विश्वासच उडेल.

बॉससाठी अंगाने मोठा माणूस घेणं हे सवयीने होतं. त्यावर उतारा म्हणून 2011 चा इंडोनेशियन 'द रेड' बघावा. त्यातला मॅड डॉग, म्हणजे यायान रुहियान, चणीने लहान. हातात पिस्तूल असताना तो ते बाजूला ठेवतो, कारण त्याला हातांनी लढायचं आहे. ठोसा पडण्याआधीच त्या एका कृतीतून माणूस कळतो. शेवटी दोन तगडे भाऊ मिळून त्याच्यावर तुटून पडतात आणि तरी पारडं त्याच्याकडे झुकत राहतं. बॉसचा नियम त्याच्या वागण्यातून आधी दाखवता आला की धिप्पाड देहाची गरज उरत नाही.

एका गोष्टीत या जुन्या सिनेमांची री ओढू नये. 1976 च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'मध्ये हात लांबवणारा एक भारतीय योगी आहे, चेहऱ्याला काळपट रंग लावलेला. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर 2'मधला लांब हातांचा धालसिम त्याच्याच घराण्यातला दिसतो. लांब हात ही कल्पना झकास आहे: अंतराचा सगळा हिशेब उलटापालटा होतो. पण हात लांब म्हणून योगी, योगी म्हणून भारतीय, भारतीय म्हणून गळ्यात कवट्या, ही साखळी आळसातून आलेली. लढण्याची तऱ्हा ठेवावी आणि माणूस नव्याने शोधावा.

शेवटी चाचणी. करड्या, रिकाम्या खोलीत एकच शत्रू सोडा, मग तेच दोन, मग दुसऱ्या जातीचा एक मिसळा. खेळणारा नवखा असावा आणि त्याला काही सांगू नये. पडद्यापेक्षा त्याच्या हातांकडे आणि तोंडाकडे लक्ष द्या. मार खाल्ल्यावर तो 'अरे, दिसला होता मला' म्हणतो की 'हा कुठून आला?', एवढ्यावरून तयारीच्या फ्रेम वाढवायच्या की नाहीत ते ठरतं. खेळून झाल्यावर कोण कोण होतं ते विचारा. 'तो बेवडा', 'तो मिठी मारणारा', 'तो तंगडीवाला' अशी नावं त्याने आपणहून ठेवली असतील, तर ते शत्रू राहू द्या. ज्याचं वर्णन त्याला फक्त शर्टाच्या रंगावरून करावं लागलं, त्याच्यावर पुन्हा काम करा किंवा त्याला काढून टाका.